मेंदूचे छायाचित्र आणि माणसाचे वर्तन

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी मानसोपचार विभागाच्या वतीने झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानात आजवर हृदय, मूत्रपिंड, मधुमेह, मोतीबिंदू या विषयांवर तज्ज्ञांनी आपणांस मार्गदर्शन केले आहे. यंदा ही संधी मानसोपचार विभागाला दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाची ऋणी आहे. विषय मात्र मी थोडा अवघड निवडला आहे आणि त्यास एक गृहस्थ कारणीभूत आहेत. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

हे गृहस्थ आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन बाह्यरुग्ण विभागात आले. मुलगा दाराशीच उभा राहिला. दोन शाळांनी काढून टाकलेला, घरातले पैसे उचललेले, शेजारच्या मुलाला दगडाने जखमी केलेले, आणि यांतल्या कशाचेही त्याला वाईट वाटत नाही, असे वडील सांगत होते. त्यांच्या हातात एमआरआयच्या फिल्मचा मोठा लिफाफा होता. गुन्हेगारांच्या मेंदूतील जोडण्या तुटलेल्या असतात आणि ते स्कॅनमध्ये दिसते, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. पतपेढीतून कर्ज काढून त्यांनी बाहेर तपासणी करून घेतली होती. अहवालाचा निष्कर्ष एका ओळीचा होता : मेंदूत दोष आढळला नाही. लिफाफा माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "मॅडम, मेंदू तर चांगला आहे. म्हणजे हा सगळं मुद्दाम करतो. आता मी पट्टा काढला तर माझं काय चुकलं?"

मी काही बोलण्याच्या आत त्यांनीच पुढचा प्रश्न केला, "आणि दोष निघाला असता, तर तुम्ही तरी काय करणार होतात?"

बाहेर रुग्णांची रांग असताना या दोन प्रश्नांना नीट उत्तर देणे मला जमले नाही. आज आपण मला अर्धा तास दिला आहे, तेव्हा तो प्रयत्न करते.

प्रथम शब्दांचा गोंधळ दूर करू. चारचौघांत न मिसळणाऱ्या माणसाला आपण सहज 'अँटीसोशल' म्हणतो. तो फार तर माणूसघाणा असेल. त्याला आजार नाही. वृत्तपत्रांत येणारा 'समाजकंटक' हा शब्दही वैद्यकीय नव्हे. वैद्यकशास्त्र ज्याला समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार म्हणते, त्यात इतरांच्या हक्कांची पायमल्ली हा दीर्घकाळचा आणि आयुष्याच्या सर्व अंगांत पसरलेला वर्तनक्रम असतो. वारंवार कायदा मोडणे, फसविणे, मागचापुढचा विचार न करणे, मारामाऱ्या, स्वतःच्या व दुसऱ्याच्या सुरक्षिततेविषयी बेफिकिरी, नोकरी व देणी यांबाबत बेजबाबदारपणा आणि पश्चात्तापाचा अभाव, या सातांपैकी किमान तीन लक्षणे निदानासाठी आवश्यक असतात. आणखी दोन अटी आहेत, आणि पालकांनी त्या विशेष लक्षात ठेवाव्यात. व्यक्तीचे वय किमान 18 वर्षे असले पाहिजे, आणि पंधराव्या वर्षापूर्वी तिच्यात आचरण विकाराची चिन्हे दिसलेली असली पाहिजेत. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलावर हा शिक्का मारण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरला नाही. तो मलाही नाही.

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये फिलिप पिनेल यांनी बुद्धी शाबूत असूनही वर्तन बिघडलेल्या रुग्णांची नोंद केली. इंग्लंडमध्ये जेम्स प्रिचर्ड यांनी 1835 साली त्यास नैतिक वेड असे नाव दिले. अमेरिकन मनोविकारशास्त्र संघटनेच्या निदानपुस्तिकेत आजचे नाव व निकष 1980 साली आले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू केलेल्या वर्गीकरणात तर व्यक्तिमत्त्व विकारांचे वेगवेगळे प्रकारच काढून टाकले आणि तीव्रतेवर भर दिला. ज्या विकाराच्या सीमारेषा तज्ज्ञच अजून पुसून पुन्हा आखत आहेत, त्याचे छायाचित्र यंत्राने एका क्लिकसरशी काढावे, ही अपेक्षा मुळातच थोडी जास्तीची आहे.

तरीही हा विकार किरकोळ मानता येणार नाही. 12 देशांतील सुमारे 23,000 बंदिजनांची माहिती एकत्र करून 2002 साली 'लॅन्सेट' नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष कैद्यांपैकी 47 टक्के व स्त्री कैद्यांपैकी 21 टक्के या निदानात बसत होते. पाश्चात्त्य पाहण्यांत सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाण 1 ते 4 टक्क्यांच्या दरम्यान आढळते, व पुरुषांत ते अधिक असते. ज्यांना 'सायकोपॅथ' म्हटले जाते, म्हणजे ज्यांच्यात सहभावना व भीती या दोन्हींचा विलक्षण अभाव असतो, ते या गटातील थोडेच. चित्रपटांनी मात्र सगळ्यांनाच एका रांगेत बसविले आहे.

आता मेंदूकडे वळू. या विषयावर बोलणारा प्रत्येक जण फिनिअस गेज याच्यापासून सुरुवात करतो, मीही करते. 13 सप्टेंबर 1848 रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना स्फोट झाला. साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरून कवटी फोडून वर निघाली. तो वाचला. चालू लागला, बोलू लागला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो यांनी 1868 साली लिहिले की पूर्वीचा समंजस, कामसू मुकादम आता लहरी, शिवराळ व बेभरवशाचा झाला होता. कपाळामागच्या भागाचा माणसाच्या वागणुकीशी संबंध आहे, हे या घटनेने प्रथम ठळकपणे पुढे आले. गेजची कवटी व ती पहार हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात जतन केलेली आहे.

2012 साली संशोधकांनी त्या कवटीच्या संगणकीय प्रतिमेवरून दुखापतीचा नकाशा तयार केला. मेंदूच्या पृष्ठभागाचा सुमारे 4 टक्के भाग पहारीने नष्ट झाला असावा, पण मेंदूच्या भागांना एकमेकांशी जोडणाऱ्या तंतूंपैकी जवळजवळ 11 टक्के तंतू तुटले असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे जागा थोडी गेली, रस्ते अधिक गेले. या गोष्टीचा एक उत्तरार्ध आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. गेज पुढे दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला व तेथे कित्येक वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम करीत राहिला. ठरल्या वेळी उठणे, घोडे सांभाळणे, उतारूंशी बोलणे हे ज्याला जमले, तो कायमचा बिघडला होता असे म्हणणे धाडसाचे होईल. 1860 साली त्याचे निधन झाले.

रस्त्यांचा उल्लेख आला आहे, तर तोच दृष्टांत पुढे नेते. मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे आपापल्या जागी सुरळीत चालू आहेत, पण बोरघाटात दरड कोसळली आहे, अशी कल्पना करा. दोन्ही शहरांचे फोटो काढले तर त्यांत काही दोष दिसणार नाही. दोष घाटात आहे. मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूस बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा लहानसा भाग असतो. भय, धोका, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील वेदना यांची दखल घेण्यात त्याचा मोठा वाटा असतो. कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणींच्या वरच्या अंगाला असलेला भाग परिणामांची तोलामोल करतो. या दोहोंना जोडणारा आकड्यासारखा वळलेला तंतूंचा एक जुडगा आहे, त्याला अन्सिनेट फॅसिक्युलस म्हणतात. हा आपला घाटरस्ता. तो पूर्णपणे तयार होण्यास विशी उलटावी लागते. मेंदूतील अगदी शेवटी पक्व होणाऱ्या मार्गांपैकी तो एक आहे. आपल्या घरातील सोळा वर्षांच्या मुलाला परिणाम का दिसत नाहीत, याचे थोडेफार उत्तर येथे आहे.

हा रस्ता पाहायचा कसा? एमआरआय यंत्राच्या एका विशेष पद्धतीने तंतूंच्या दिशेने पाण्याचे रेणू कसे सरकतात हे मोजता येते व त्यावरून जुडग्याच्या सुस्थितीचा अंदाज बांधता येतो. दुसरी पद्धत अधिक मनोरंजक आहे. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी 1990 च्या सुमारास दाखवून दिले की रक्तातील प्राणवायूच्या चढउतारावरून मेंदूचा कोणता भाग कार्यरत आहे हे एमआरआयने टिपता येते. त्यानंतर 1995 साली अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांना असे आढळले की माणूस यंत्रात काहीही न करता स्वस्थ पडलेला असतानाही मेंदूचे काही दूरदूरचे भाग एकाच लयीत कमीजास्त होत असतात. आपणांपैकी ज्यांनी भारनियमनाचे दिवस पाहिले आहेत, त्यांना हे लगेच कळेल. रात्री डोंगरावरून पाहताना दोन लांबच्या वाड्यांवरील दिवे एकाच क्षणी मंद होतात व एकाच क्षणी उजळतात, तेव्हा तार न दिसताही आपण म्हणतो, या दोन वाड्या एकाच फीडरवर आहेत. मेंदूच्या जाळ्याचा अभ्यास बहुतांशी असा, दिव्यांवरून तारेचे अनुमान करण्याचा आहे. ते अनुमान आहे, हे विसरता कामा नये.

या पद्धतींनी काय सापडले ते थोडक्यात सांगते. अ‍ॅड्रियन रेन यांनी 2000 साली या विकाराच्या 21 पुरुषांत कपाळामागील करड्या भागाचे आकारमान तुलनेच्या गटापेक्षा 11 टक्के कमी असल्याचे नोंदविले. लंडनच्या संशोधकांनी 2009 साली गंभीर गुन्हे केलेल्या नऊ पुरुषांत अन्सिनेट फॅसिक्युलसची स्थिती कमकुवत असल्याचे दाखविले. 2011 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मोठ्या वाहनावर बसविलेले एमआरआय यंत्र थेट तुरुंगात नेण्यात आले. तेथील सायकोपॅथ गणल्या गेलेल्या कैद्यांत हा घाटरस्ताही दुबळा दिसला आणि त्याच्या दोन टोकांच्या दिव्यांची लयही इतर कैद्यांच्या मानाने कमी जुळत होती. तुलना कैद्यांशीच होती, हे या अभ्यासाचे बळ. तुरुंगवासाचा मेंदूवर जो परिणाम होत असेल तो दोन्ही गटांवर सारखाच झाला असणार.

न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन या शहरातील अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेथे 1972–73 साली जन्मलेल्या 1,037 मुलांचा मागोवा आजतागायत घेतला जात आहे. त्यांतील 672 जणांचे वयाच्या पंचेचाळिशीत एमआरआय काढून 2020 साली निष्कर्ष जाहीर झाले. लहानपणापासून प्रौढपणापर्यंत समाजविरोधी वागत राहिलेले 80 निघाले. 151 जण केवळ पौगंडावस्थेत वाट चुकले व पुढे सावरले. उरलेले 441 कधीच त्या वाटेला गेले नाहीत. पहिल्या गटाच्या मेंदूचा पृष्ठभाग सरासरीने लहान व काही ठिकाणी पातळ होता. सावरलेल्या 151 जणांत मात्र असे व्यापक फरक आढळले नाहीत. येथे बसलेल्या मातापित्यांना मी हे आकडे मुद्दाम सांगत आहे. वाट चुकलेल्या मुलांत परत येणाऱ्यांची संख्या न येणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होती. अमेरिकेत ली रॉबिन्स यांनी बालमार्गदर्शन केंद्रातील 524 मुलांचा तीस वर्षांनी शोध घेऊन 1966 साली हेच लिहून ठेवले होते : समाजविरोधी प्रौढाच्या मागे बहुधा तसेच बालपण असते, पण तशा बहुसंख्य मुलांपुढे तसे प्रौढपण नसते.

मग त्या गृहस्थांच्या लिफाफ्यात हे काहीच का दिसले नाही? रुग्णालयातील नेहमीचा एमआरआय गाठ, रक्तस्राव, पक्षाघात, जंतुसंसर्ग शोधण्यासाठी असतो. मी सांगितलेले फरक तीस जणांची सरासरी दुसऱ्या तीस जणांच्या सरासरीसमोर ठेवल्यावर दिसतात. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा अधिक असते हे खरे, पण एखाद्याची उंची पाच फूट पाच इंच आहे एवढेच कळल्यावर ती व्यक्ती पुरुष की स्त्री, हे आपण सांगू शकाल काय? 'दोष आढळला नाही' याचा अर्थ गाठ नाही, एवढाच. 'मुलगा मुद्दाम करतो' हा अर्थ त्या ओळीत कोठेही नाही.

यावर कोणी म्हणेल, संगणक हे काम करील. चीनमधील संशोधकांनी 2013 साली तसा प्रयोग केला. या विकाराचे 32 व निरोगी 35 अशा 67 व्यक्तींचे विश्रांत अवस्थेतील स्कॅन संगणकाला दिले, तेव्हा शंभरांत 86 वेळा त्याने बरोबर ओळखले. हा आकडा ऐकून आपणांस वाटेल, उद्यापासून तपासणी सुरू करावी. एक साधा हिशेब करू. एक हजार माणसांत या विकाराचे 30 आहेत असे धरा. शंभरांत 86 अचूकता असलेले यंत्र त्या 30 पैकी 26 जणांना पकडील. उरलेल्या 970 निर्दोष माणसांपैकी शंभरांत 14, म्हणजे सुमारे 136 जणांनाही ते दोषी ठरवील. एकूण 162 जणांवर शिक्का बसेल आणि त्यांतील 136 चुकीचे असतील. एखाद्या शाळेत हे केले तर काय होईल, याची कल्पना मी आपल्यावर सोपविते. शिवाय 2022 साली सुमारे 50,000 व्यक्तींच्या स्कॅनच्या आधारे 'नेचर' या नियतकालिकात असे दाखविण्यात आले, की मेंदूची रचना व माणसाचे गुण यांचे भरवशाचे संबंध हाती येण्यास हजारो माणसांचे अभ्यास लागतात. वीस-तीस जणांच्या निष्कर्षांकडे आदराने, पण हात राखूनच पाहिले पाहिजे.

येथे एक गमतीची हकीकत आहे. कॅलिफोर्नियातील मेंदूशास्त्रज्ञ जेम्स फॅलन 2005 साली खुन्यांचे मेंदूस्कॅन पाहत होते. त्याच सुमारास दुसऱ्या एका अभ्यासासाठी त्यांच्या स्वतःच्या कुटुंबीयांचे स्कॅनही त्यांच्या टेबलावर होते. त्यांतील एक नेमके खुन्यांच्या नमुन्यात बसणारे निघाले. नाव पाहिले तर ते त्यांचेच. संसार, मुलेबाळे, प्राध्यापकी असलेल्या या गृहस्थांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिले आणि प्रेमळ बालपणाने आपल्याला तारले असावे, असे मत मांडले. एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धान्त काढता येत नाही. पण तसल्याच एका स्कॅनवरून मुलाचे भविष्य वर्तविणाऱ्यांना ही हकीकत जरूर ऐकवावी.

घाटरस्ता खराब असल्यामुळे वर्तन बिघडले, की वर्षानुवर्षांच्या मारहाणीने, उपेक्षेने, व्यसनाने, डोक्यावरील आघातांनी रस्ता खराब झाला, हे एका वेळच्या चित्रावरून ठरत नाही. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतील 136 बालके घेण्यात आली व चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्यांना पालक कुटुंबांत ठेवण्यात आले. संस्थेतच वाढलेल्यांच्या मेंदूतील जोडणाऱ्या तंतूंचा भाग कमी भरला. कुटुंबात गेलेल्यांचा तो जवळजवळ इतर मुलांइतका झाला. त्या मुलांना औषध नव्हे, घर मिळाले होते.

दुसरा एक प्रयोग 2013 साली नेदरलँड्समध्ये झाला. सायकोपॅथ ठरलेल्या गुन्हेगारांना एका हाताने दुसऱ्या हाताला इजा केल्याची चित्रफीत दाखविली, तेव्हा दुसऱ्याच्या वेदनेला प्रतिसाद देणारे त्यांचे मेंदूचे भाग इतरांपेक्षा बरेच थंड होते. नंतर त्यांना सांगितले, 'त्या माणसाला काय वाटत असेल ते जाणण्याचा प्रयत्न करा.' तेव्हा तेच भाग बऱ्याच अंशी उजळले. क्षमता होती, आपणहून वापर नव्हता. यावरून उपचार सापडला असे मी म्हणत नाही. पण 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण माझ्या खोलीत दर आठवड्याला एकदा तरी ऐकू येते, तेव्हा मला हा प्रयोग आठवतो.

मेंदूच्या तपासणीवर न्याय सोपविण्याचा मोह आपल्या महाराष्ट्रातही होऊन गेला आहे. 2008 साली पुण्यातील न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या विद्युत्लहरींच्या चाचणीचा आधार घेतला, आणि त्यावर जगभर चर्चा झाली. ती चाचणी वेगळी होती; तिचा दावा स्मृती ओळखण्याचा होता. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या व्यक्तीच्या संमतीवाचून करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक चालीरीतींशी न जुळणे एवढ्यावरून कोणास मनोरुग्ण ठरवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि या विकाराचे निदान झाले म्हणून गुन्ह्याची जबाबदारी टळते, असेही नाही. आपण काय करीत आहोत हे या व्यक्तींना समजते. त्या समजाला भावनेची साथ मिळत नाही, एवढेच.

स्कॅन कधी काढावा, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर आमच्या क्ष-किरण विभागातील मित्र माझ्यावर रागावतील. पन्नाशीपर्यंत सौजन्याने वागलेला माणूस अचानक दुकानातून वस्तू उचलू लागला, अश्लील बोलू लागला, हेल्मेटविना दुचाकीवरून पडल्यानंतर एखाद्या तरुणाचा स्वभाव पालटला, वागण्यातील बदलासोबत झटके, उलट्या वा सततची डोकेदुखी असेल, तर एक दिवसही दवडू नये. कपाळामागील गाठ, स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार, क्षयाचा मेंदूदाह या गोष्टी अशाच उघड होतात. बदल हा तेथे परवलीचा शब्द आहे. लहानपणापासून हळूहळू वाढत आलेल्या वर्तनासाठी फिल्मपेक्षा दीर्घ मुलाखत अधिक सांगते.

आणि उपचार? या विकारासाठी म्हणून सिद्ध झालेले औषध नाही. सोबतचे नैराश्य, व्यसन यांवर औषधे द्यावी लागतात. प्रौढांसाठी गटांतून विचार व वर्तन यांवर काम करणाऱ्या पद्धती ब्रिटनच्या 2009 च्या मार्गदर्शिकेत सुचविल्या आहेत. त्यांचे पुरावे मध्यमच आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सर्वांत भक्कम पुरावा मुलांच्या बाबतीत, आणि तोही पालकांच्या प्रशिक्षणाचा आहे. साधारण दहा ते सोळा बैठका होतात. त्यांत शिकवायचे ते ऐकायला अगदी किरकोळ वाटते : सूचना एका वेळी एकच व थोडक्यात द्यावी, चांगले काही घडले की तेथल्या तेथे बोलून दाखवावे, ठरलेला परिणाम ठरल्याप्रमाणे व न चिडता अमलात आणावा, रोज थोडा वेळ मुलाच्या आवडीचे काम त्याच्यासोबत करावे, हात उगारू नये. मारहाणीने जरब बसते असे पालकांस वाटते. प्रत्यक्षात ज्या मुलाला शिक्षेचे भय मुळातच कमी वाटते, त्याच्यावर शिक्षा वाढवीत नेण्याला अंत उरत नाही. प्रशंसा व बक्षीस यांना मात्र अशी मुलेही प्रतिसाद देतात. किशोरवयीन मुलासाठी शाळा, घर व मित्रमंडळ या सर्वांना धरून काम करावे लागते.

यावर्षी आपल्या एका उदार देणगीदारांनी व्रात्य मुलांसाठी 'मेंदू तपासणी शिबिर' घेण्याची सूचना केली व त्याचा खर्चही देऊ केला. त्यांच्या हेतूविषयी मला नितांत आदर आहे आणि त्यांच्याशी बोलूनच मी हे येथे मांडत आहे. असे शिबिर आपण घेऊ नये. निष्कर्ष 'दोष नाही' असा आला तर मुलाला मार बसेल. काही निराळे दिसले तर त्याचे नाव शाळेच्या दाखल्यापर्यंत जाईल. दोन्ही बाजूंनी मूलच हरेल. तीच रक्कम एका प्रशिक्षित वैद्यकीय समाजसेविकेच्या वेतनासाठी मिळावी, अशी माझी विश्वस्त मंडळास विनंती आहे. घरी जाणे, शाळेतील शिक्षकांना भेटणे, बैठक चुकविणाऱ्या पालकांस पुन्हा बोलावणे हे काम कोणत्याही यंत्राला करता येत नाही, आणि आमच्या विभागात आज त्यासाठी माणूस नाही.

त्या गृहस्थांनी पट्टा वापरणे सोडले आहे, असे ते सांगतात. मुलानेही ते एकदा मान्य केले. पहिल्या तीन बैठकांना ते एकटेच आले, नंतर पत्नीला घेऊन येऊ लागले. मुलगा अद्याप शाळेत जात नाही. एका गॅरेजमध्ये हाताखाली काम शिकतो, तेथेही एकदा भांडण झाले, पण मालकाने त्याला ठेवून घेतले. पुढे काय होईल, हे त्याच्या फिल्मवरून मी सांगू शकत नाही. पतपेढीचे हप्ते अजून चालू आहेत.

पालकांचा गट दर गुरुवारी दुपारी तीन वाजता बाह्यरुग्ण विभागाच्या मागील खोलीत भरतो. त्यासाठी केसपेपरचे शुल्क घेतले जात नाही. मुलाला सोबत आणलेच पाहिजे असे नाही.